दोराबजी टाटा आणि दख्खनचे धावपटू

बेंगळुरूत राहणाऱ्या मराठी माणसाला टाटा हे नाव परके नाही. मल्लेश्वरम् आणि यशवंतपूर यांच्या शेजारी भारतीय विज्ञान संस्थेचा जो विस्तीर्ण, गर्द झाडीचा परिसर आहे, त्याला येथील जुनी माणसे आजही टाटा इन्स्टिट्यूट म्हणूनच ओळखतात. ह्या संस्थेचे स्वप्न पाहणारे जमशेटजी सर्वांना ठाऊक आहेत. परंतु ते स्वप्न ज्यांनी प्रत्यक्षात उतरविले, त्या त्यांच्या थोरल्या चिरंजीवांचे, सर दोराबजी टाटांचे, चरित्र आपल्या घरांतून तितकेसे सांगितले जात नाही. सांगितले गेलेच तर पोलादाचा कारखाना, विजेचे प्रकल्प आणि कोट्यवधींचे दानधर्म एवढ्यावरच ते संपते. त्या चरित्रातला एक धागा मात्र पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरून निघून बेळगावच्या एका तरुण धावपटूच्या पायांना बांधलेला आहे, आणि तेथून तो थेट बेल्जममधील अँटवर्प नगरीच्या रस्त्यांपर्यंत पोचतो. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावयास बसलो असता आम्हांला हाच धागा उलगडून दाखवावासा वाटला. आपल्यातली कितीतरी तरुण, आणि आता तितकीशी तरुण नसलेलीही, मंडळी रविवारी पहाटे कब्बन पार्कात गटागटाने धावताना दिसतात. त्यांच्या ह्या छंदाची भारतातली एक पूर्वपीठिका महाराष्ट्राच्या मातीत आहे, हे त्यांनाही कळावे.

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईत झाला. शालेय शिक्षण मुंबईत आटोपल्यावर वडिलांनी त्यांना इंग्लंडला पाठविले, आणि १८७७ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या गॉनव्हिल अँड कीज ह्या महाविद्यालयात ते दाखल झाले. तेथील दोन वर्षांत विद्येपेक्षाही मैदानाने त्यांना अधिक घडविले असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये. इंग्रज विद्यार्थ्यांचे बहुतेक सर्व मैदानी खेळ त्यांनी खेळून पाहिले, क्रिकेट आणि फुटबॉलमध्ये महाविद्यालयाचा मानही मिळविला. १८७९ मध्ये ते परतले, आणि मुंबईच्या सेंट झेविअर्स महाविद्यालयातून १८८२ मध्ये पदवीधर झाले. काही काळ त्यांनी बॉम्बे गॅझेट ह्या वृत्तपत्रात उमेदवारी केली, आणि १८८४ मध्ये वडिलांच्या व्यवसायात पाऊल टाकले. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्येही त्यांनी कामाचे धडे घेतले.

इंग्लंडहून परतताना त्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की बांधून आणली होती. आपल्याकडच्या मुलांना मैदानी खेळांची गोडी लागावी, आणि ती गोडी नुसती हौस न राहता तिला नियमांची, संघटनेची चौकट मिळावी, अशी त्यांची तळमळ होती. मुंबईतील माध्यमिक शाळांची एक क्रीडासंघटना त्यांनी काही इंग्रज स्नेह्यांच्या साहाय्याने उभी केली आणि तिचे चिटणीसपद स्वतः सांभाळले. आरंभी क्रिकेट आणि पुढे धावण्या-उड्यांच्या स्पर्धा असा तिचा क्रम होता. धनिकाच्या मुलाने एखाद्या संस्थेला देणगी द्यावी हे रीतीचेच. परंतु चिटणिसाचे कष्टाचे काम अंगावर घ्यावे, हे विरळाच.

बेंगळुरूशी त्यांचे नाते दुहेरी आहे. पहिले संसाराचे. म्हैसूर संस्थानातील शिक्षणखात्याचे ज्येष्ठ अधिकारी होरमसजी भाभा यांची कन्या मेहेरबाई हिच्याशी १८९८ मध्ये त्यांचा विवाह झाला. मेहेरबाईंचे बालपण त्या वेळच्या बंगलोरात गेले, आणि येथील बिशप कॉटन शाळेत त्या शिकल्या. संस्थानात कामानिमित्त आलेल्या जमशेटजींनी ही मुलगी पाहिली, त्यांच्या ती मनात भरली, आणि त्यांनी चिरंजीवांना भाभांच्या घरी मुद्दाम धाडले, अशी हकीकत आहे. मेहेरबाईही खेळात रमणाऱ्या होत्या. साडी नेसून टेनिस खेळत त्यांनी कितीतरी बक्षिसे मिळविली. पुढे अणुशास्त्रज्ञ म्हणून कीर्ती पावलेले होमी भाभा हे ह्याच मेहेरबाईंचे भाचे. आणि तेही काही वर्षे बेंगळुरूच्या विज्ञान संस्थेत संशोधन करीत होते.

दुसरे नाते त्या संस्थेचेच. १९०४ च्या मे महिन्यात जर्मनीत जमशेटजींचे निधन झाले, तेव्हा पोलाद, वीज आणि विज्ञानसंस्था हे त्यांचे तिन्ही मोठे संकल्प कागदावरच होते. दोराबजी आणि त्यांचे धाकटे बंधू रतनजी यांनी ते आपलेच मानले. म्हैसूर संस्थानाने सुमारे ३७० एकर जमीन दिली, १९०९ मध्ये संस्थेला सरकारी मान्यतेचे अधिष्ठान लाभले, आणि १९११ मध्ये विद्यार्थ्यांची पहिली तुकडी दाखल झाली. १९०७ मध्ये स्थापन झालेल्या पोलाद कंपनीतून १९१२ मध्ये पोलाद बाहेर पडले. १९१५ मध्ये खोपोलीच्या केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. १९१० मध्ये दोराबजींना सर ही पदवी मिळाली होती. वडिलांनी आखलेली वाट मुलाने चालून पुरी केली, असे उदाहरण आपल्या इतिहासात फार सापडत नाही.

आता आम्ही मूळ विषयाकडे वळतो. पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ साली स्थापन झाला. देशी खेळांना आणि नव्या मैदानी खेळांना एकाच अंगणात जागा द्यावी, हा त्याच्या चालकांचा हेतू. दोराबजींचा ह्या संस्थेशी स्नेह जुळला, तिचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले, आणि १९१९ च्या सुमारास तेथील क्रीडामेळावा पाहण्याचा योग त्यांना आला. त्यांचे वय तेव्हा साठीचे.

मेळाव्यात जे दिसले त्याने ते चकितही झाले आणि काहीसे अस्वस्थही. शर्यतीत उतरलेले बहुतेक तरुण शेतकरी कुटुंबांतले होते. शेतात राबणारे, साध्या अन्नावर वाढलेले आणि अनवाणी धावणारे. मैदान लहान आणि खडबडीत, जमीन रूळ न फिरविलेली. शंभर यार्डांची शर्यतसुद्धा वळणावरून धावावयाची, आणि धावपटूंच्या रांगा वेगळ्या करणाऱ्या दोऱ्याही नाहीत. असे असूनही काही तरुणांनी नोंदविलेली वेळ युरोपातील वेळेशी तुलना करण्याजोगी होती. लांब पल्ल्याच्या धावण्यात तर त्यांचा दम विशेष दिसून आला. ज्यांना धावण्याचे शास्त्र कोणी शिकविले नव्हते, त्यांना धावण्याची ताकद शेताच्या बांधांनी आणि डोंगराच्या वाटांनी दिली होती.

ह्याच सुमाराची एक आठवण दोराबजींनी पुढे ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात नमूद करून ठेवली आहे. शंभर यार्डांना किती वेळ लागणे योग्य, असे त्यांनी जिमखान्याच्या एका प्रमुख सभासदांना विचारले. त्या गृहस्थांनी अर्ध्या मिनिटापासून एका मिनिटापर्यंत कितीही, असे उत्तर दिले. हा हिशेब मिनिटांचा नसून सेकंदांचा, किंबहुना सेकंदाच्या दहाव्या हिश्शाचा असतो, हे कळल्यावर ते गृहस्थ थक्क झाले. ह्यात हसण्यासारखे काही नाही. त्या काळी आपल्याकडे जो पुढे तो जिंकला, एवढेच धावण्याचे गणित होते. जगाशी बरोबरी करावयाची तर शेजारच्या धावपटूबरोबरच घड्याळाशीही धावावे लागते, हे आपल्याला अजून उमगावयाचे होते. पायांत बळ होते. माप नव्हते, शिक्षण नव्हते, आणि परदेशी जाण्याइतके द्रव्य नव्हते. दोराबजींच्या ध्यानात नेमके हेच आले, आणि त्यांचे खरे मोठेपण आम्हांला ह्या ओळखण्यात दिसते.

ऑलिंपिक सामने १९२० मध्ये अँटवर्प येथे भरावयाचे होते. हिंदुस्थानचा संघ तेथे पाठवावा, ही कल्पना दोराबजींनी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्यापुढे मांडली. गव्हर्नरांनी ती उचलून धरली, आणि आंतरराष्ट्रीय समितीची परवानगीही मिळाली. आता खर्चाचा प्रश्न होता. लोकवर्गणी, सरकारी मदत आणि दोराबजींची स्वतःची थैली अशा तिन्ही वाटांनी पैसा उभा राहिला. संघ सहाजणांचा ठरला. लांब पल्ल्यासाठी फडेप्पा दरेप्पा चौगुले, सदाशिव दातार आणि कैकाडी. कमी अंतरासाठी बंगालचे पूर्मा बॅनर्जी. आणि कुस्तीसाठी कुमार नवले व रणधीर शिंदे. ही नावे वाचताना मराठी वाचकाचा ऊर भरून यावा, यात नवल नाही. फडेप्पा चौगुले तर बेळगावचे, म्हणजे मराठी आणि कानडी ह्या दोन्ही भाषा ज्या मातीत शेजारीशेजारी नांदतात त्या मातीतले. बेंगळुरूत घर केलेल्या आपल्यासारख्यांना ते दुहेरी नात्याने जवळचे.

१९२० च्या जून महिन्यात हा चमू बोटीने इंग्लंडकडे निघाला. अँटवर्पला जाण्यापूर्वी लंडनच्या स्टॅम्फर्ड ब्रिज ह्या प्रसिद्ध मैदानावर त्यांच्या सरावाची सोय केली होती. इंग्रज शिक्षकाच्या देखरेखीखाली सुमारे सहा आठवडे तो सराव चालला. पुण्याच्या खडबडीत गवतावरून एकदम आखीव, सपाट धावपट्टीवर येणे. परका मुलूख, परके अन्न, परकी भाषा. आणि हातात घड्याळ घेऊन प्रत्येक फेरीची नोंद करणारा शिक्षक. अशा वेळी सोबतीच्या धावपटूंची किंमत कळते. लांब पल्ल्याचा सराव हा एकट्याने करावयाचा व्यवसाय नव्हे. एकाने वेग धरावा, दुसऱ्याने तो टिकवावा. एकाचे पाय जड झाले की बाजूच्याच्या पावलांच्या ठेक्याने ते पुन्हा उचलले जावेत. हे अनुभवी धावपटूच जाणतात. लांब शर्यतीसाठी अंतर आठवड्या-आठवड्याने वाढवीत न्यावे लागते, मधूनमधून शरीराला विसावा द्यावा लागतो, आणि आरंभीच सगळी शक्ती उधळून टाकण्याचा मोह आवरावा लागतो. आजचे हौशी धावपटूही मॅरॅथॉनसाठी तीन-चार महिने राखून ठेवतात. आपल्या ह्या पहिल्या धावपटूंना नव्या पद्धतीचे शिक्षण मिळाले ते अवघे सहा आठवडे.

मॅरॅथॉन २२ ऑगस्ट १९२० रोजी झाली. हवा थंड आणि पावसाळी होती. त्या वर्षीचे अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आज रूढ असलेल्या अंतरापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून अधिक. ऑलिंपिकच्या इतिहासात इतकी लांब मॅरॅथॉन दुसरी झाली नाही. फिनलंडचे हान्नेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५ सेकंदांत पहिले आले. सदाशिव दातार यांना शर्यत पुरी करता आली नाही. फडेप्पा चौगुले मात्र धावत राहिले, आणि २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत अंतिम रेषेवर पोचले. चाळीसहून अधिक धावपटूंत त्यांचा क्रमांक एकोणिसावा लागला. हिशेब मांडून पाहावा: दर किलोमीटरला जेमतेम चार मिनिटे, आणि तीही सुमारे पावणेतीन तास सलग. आपल्या पहाटेच्या गटातल्या कोणीही एक किलोमीटर ह्या वेगाने धावून पाहावा, म्हणजे फडेप्पांच्या पायांची थोरवी शब्दांवाचून कळेल. कुस्तीत रणधीर शिंदे आपल्या वजनगटात चौथे आले. पदक थोडक्यात हुकले. महाराष्ट्राच्या मल्लाला ते मिळवून आणण्यास त्यानंतर बत्तीस वर्षे लागली, आणि ते आणले सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी, १९५२ मध्ये हेलसिंकीहून.

अँटवर्पहून संघ पदकावाचून परतला. एवढा खर्च करून काय साधले, असे विचारणारे त्या काळीही असतीलच. दोराबजींनी ह्या प्रश्नाचे उत्तर कृतीने दिले. १९२० मध्येच ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य झाले होते. १९२४ च्या पॅरिस सामन्यांसाठी निवड करावयाची तर ती एका जिमखान्यावर न करता देशभरातून व्हावी, म्हणून प्रांतोप्रांती क्रीडासंघटना उभ्या करण्याच्या कामाला त्यांनी पाठबळ दिले. मद्रासच्या वाय. एम. सी. ए. चे डॉ. नोरेन आणि हॅरी बक ह्या शारीरिक शिक्षणतज्ज्ञांनी त्यात मोलाचा वाटा उचलला. १९२४ मध्ये दिल्लीला अखिल भारतीय सामने भरले, आणि १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन होऊन दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. वर्षभरातच त्यांनी ते पद सोडले, आणि पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग त्यांच्या जागी आले. त्याच १९२८ साली अँम्स्टरडॅम येथे भारताने हॉकीचे सुवर्णपदक जिंकले. पुण्याच्या खडबडीत मैदानावर मनात आलेली कल्पना आठ-नऊ वर्षांत एवढ्या पल्ल्यावर पोचली.

चरित्र लिहिताना केवळ उजळ बाजू मांडणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही. दख्खनच्या शेतकऱ्यांची मुले अँटवर्पला धावून आल्यानंतर जेमतेम वर्षभरातच, १९२१ मध्ये, त्याच पुणे जिल्ह्यात मुळशीचा सत्याग्रह उभा राहिला. टाटांच्या वीज कंपनीच्या धरणाखाली मावळातल्या शेतकऱ्यांची भातशेती, घरे आणि देवळे बुडणार होती. सेनापती बापट आणि त्यांचे सहकारी त्यासाठी लढले, तुरुंगात गेले. धरण अखेर झाले, मुंबईला वीज मिळाली, आणि मावळातली गावे पाण्याखाली गेली. शेतकऱ्याच्या मुलाच्या पायांतले बळ ज्यांनी सर्वांआधी पारखले, त्यांच्याच कंपनीपायी दुसऱ्या शेतकऱ्यांच्या पायांखालची जमीन गेली, ही विसंगती दृष्टीआड करता येत नाही. मोठ्या माणसाच्या कार्याची बेरीज करताना वजाबाकीचे आकडेही त्याच पानावर लिहिले पाहिजेत. तसे केल्याने माणूस लहान होत नाही, तो समजतो.

१९२४ मध्ये पोलाद कंपनीवर मोठे अरिष्ट आले. कामगारांचे पगार देणेही कठीण झाले. तेव्हा दोराबजींनी सुमारे एक कोटी रुपयांची आपली खाजगी संपत्ती बँकेकडे तारण ठेवली. तीत मेहेरबाईंचे दागिने आणि २४५ कॅरटचा सुप्रसिद्ध ज्युबिली हिराही होता. कंपनी तरली. लांब पल्ल्याच्या शर्यतीत तिसाव्या किलोमीटरनंतर धावपटूची खरी परीक्षा असते म्हणतात. उद्योगातली तशी परीक्षा दोराबजींनी पासष्टीत दिली.

१९३१ च्या जून महिन्यात मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने वेल्समध्ये निवर्तल्या. त्यांना अपत्य नव्हते. १९३२ मध्ये दोराबजींनी आपली जवळजवळ सर्व संपत्ती विश्वस्तनिधीच्या स्वाधीन केली. पत्नीच्या स्मरणार्थ रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी वेगळा निधीही स्थापन केला. त्यानंतर ते युरोपच्या प्रवासास निघाले, आणि ३ जून १९३२ रोजी जर्मनीतील बाड किसिंगेन येथे त्यांची प्राणज्योत मालवली. इंग्लंडमधील ब्रुकवुड येथे पती-पत्नींचा चिरविश्रांतीचा निवारा शेजारीशेजारी आहे. त्यांच्या विश्वस्तनिधीतून पुढे मुंबईत समाजविज्ञान संस्था, टाटा स्मारक रुग्णालय आणि मूलभूत संशोधन संस्था उभ्या राहिल्या. परमुलखातून उपचारासाठी मुंबईस गेलेल्या कितीतरी मराठी कुटुंबांनी त्या रुग्णालयाच्या पायऱ्या चढल्या असतील.

बेंगळुरूत २००८ पासून दहा किलोमीटरची आंतरराष्ट्रीय शर्यत भरू लागली, आणि हजारो नागरिक तीत उतरू लागले. तिच्या तयारीसाठी उद्यानांतून, तलावांच्या काठांवरून धावणारे गट तयार झाले. त्यांत कानडी, तमिळ, बंगाली, मराठी असे सर्व असतात. वेग जुळला की भाषेची अडचण राहत नाही. कोणी नवखा मागे पडला तर दोघे वेग कमी करून त्याच्या सोबतीला थांबतात. हे दृश्य पाहिले की आम्हांला आपल्या मंडळाची आठवण होते. पन्नास वर्षांपूर्वी नोकरी-धंद्यासाठी येथे आलेल्या थोड्या कुटुंबांनी एकमेकांना सोबत द्यावयाचे ठरविले, त्यातूनच हे मंडळ उभे राहिले. गणेशोत्सव, नाटके, बालवर्ग ही त्याची दृश्य कामे. परंतु परक्या गावात कोणाचा दम तुटू नये, ही त्यामागची मूळ भावना.

दोराबजींच्या चरित्रातून आम्ही घेतो तो बोध हाच. गुण सर्वत्र असतात. ते शेतात असतात, गल्लीत असतात, आपल्या घरातल्या अबोल मुलात असतात. त्यांना माप, शिक्षण, सोबत आणि वेळेवर मिळालेला आधार लाभला, तर ते अँटवर्पपर्यंत जातात. न लाभला, तर बांधावरच विरून जातात. दोराबजींनी फडेप्पांना पाय दिले नाहीत. ते त्यांचे स्वतःचेच होते. त्यांनी दिला तो रस्ता. मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांत आपल्या मुलाबाळांपैकी कोणाकोणाला असा रस्ता देता येईल, ह्याचा विचार सुवर्णमहोत्सवाच्या ह्या आनंदाच्या प्रसंगी आपण सर्वांनी मिळून करावा, एवढीच आमची नम्र विनंती.